लो केलेल्या गाडीचा लोअर आर्म बुश पुन्हा पुन्हा फाटतो? बोल्ट कुठल्या उंचीवर आवळला ते आधी बघा

फर्मागुडीचा उतार उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की डावीकडून एकच ‘टक्’. पाय उचलला की आणखी एक ‘टक्’. खड्डा नाही, ब्रेकर नाही, नुसता ब्रेक. म्हार्दोळला पोहोचेपर्यंत हे चार-पाचदा व्हायचं आणि पणजीत गाडी लावेपर्यंत माझं निम्मं लक्ष डाव्या चाकाकडे असायचं.

गाडी लो केल्यावर, म्हणजे छोट्या स्प्रिंग घालून खाली बसवल्यावर, वर्षभरात हा आवाज दोनदा आला, दोनदा गेला. दरम्यान लिंक रॉडची (अँटी-रोल बारला चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांड्यांची) जोडी बदलली, लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या हाताचे, रबरी बुश बदलले, दोनदा अलाइनमेंट झालं. दर वेळी नवा पार्ट, पण समाधान काही टिकायचं नाही. शेवटी कळलं की पार्टमध्ये खोट नव्हतीच, तो आवळताना चूक होत होती. ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो. आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी. ४१,२०० किलोमीटरवर मी तिला छोट्या स्प्रिंग घातल्या, शॉकप् (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मूळचेच ठेवले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मोजलं होतं: पुढे आधी ३७८ मिमी, नंतर ३३६. म्हणजे ४२ मिमी खाली. मागे ३५. उंची अशीच मोजा, जमिनीपासून नको. टायरची हवा आणि झीज मधे आली की जमिनीवरचा आकडा फसवतो. आणि काम सुरू करण्याआधी मोजा. नंतर ‘आधी किती होती’ असं विचारत फिरण्यात अर्थ नसतो. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांकडे हा आकडाच नाही.

पहिला आवाज ४७,९०० च्या आसपास आला. एका चकाचक वर्कशॉपात गेलो. त्यांनी गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली, लिंक रॉड हलवून पाहिले आणि ‘गेलेत’ म्हणाले. थोडे सैल होतेही. बदलले. आवाज जसाच्या तसा. चार दिवसांनी परत गेलो तेव्हा लोअर आर्मचा बुश फाटलेला सापडला. दोन्ही बाजूंना नवे बुश प्रेस करून बसवले, अलाइनमेंट केलं, आवाज गेला. मी खूश. ५५,३०० ला तोच आवाज परत, तेही डावीकडूनच. म्हणजे नवा, चांगल्या बनावटीचा बुश ७,३०० किलोमीटर टिकला. मूळचा बुश ४१ हजार चालला होता आणि लो केल्यावरही त्याने जवळजवळ सात हजार काढले होते. नवा जुन्यापेक्षा लवकर मरतो, इथेच मला संशय यायला हवा होता. मी मात्र ‘आजकाल डुप्लिकेट माल फार’ म्हणून मोकळा झालो.

फोंड्यात बाजाराच्या मागे एक जुनं गॅरेज आहे. लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला खड्डा. मिस्त्री साठीचे. त्यांना मी आवाजाची सगळी कथा सांगायला लागलो, तर त्यांनी मधेच थांबवलं: “आवाज खंय येता तें पयलीं पळय, मागीर पानो धर.” (आवाज कुठे येतो ते आधी बघ, मग पाना धर.) मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मला आजवर कोणी विचारला नव्हता. बोल्ट आवळला तेव्हा चाक कुठे होतं? जमिनीवर की हवेत?

हवेत, अर्थात. दोन खांबांच्या लिफ्टवर चारही चाकं लोंबतात.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते बुशच्या बनावटीत आहे. मी त्याला बिजागरीसारखं काहीतरी समजत होतो, आत फिरणारं. तसं नसतं. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, आणि दोन्हींच्या मधे चिकटवून भाजलेलं रबर. बोल्ट घट्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते आणि तिचं फिरणं बंद. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म बाहेरच्या कड्यासकट फिरतो, नळी जागची हलत नाही, आणि मधलं रबर पिळलं जातं. म्हणजे हे रबर पीळ खाऊनच काम करतं. त्याचा पीळ शून्य कधी असतो? बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात होता, त्या कोनात. तीच त्याची ‘घरची’ जागा. गाडीने ती सोडली की रबर ताणलेलं.

कारखान्यात ही घरची जागा गाडीच्या उभ्या उंचीला ठरवलेली असते, म्हणजे गाडी नुसती उभी असताना रबर विश्रांती घेतं. मी स्प्रिंग बदलून गाडी ४२ मिमी खाली आणली पण आर्मच्या बोल्टला हात लावला नाही. माझ्या आर्मची लांबी, बोल्टपासून चाकाकडच्या टोकाच्या बॉल जॉइंटपर्यंत, ३३० मिमी. ढोबळ हिशेब केला तर ४२ मिमीला सात अंशांचा पीळ. गाडी गॅरेजमध्ये झोपली आहे आणि बुश सात अंश वळलेला जागा आहे, रात्रभर. मूळचा बुश त्यात गेला.

दुसऱ्याचं तर विचारू नका. चाक लोंबत असताना मडगार्डपर्यंतचं अंतर ४५६ मिमी भरतं. गाडी जमिनीवर येते तेव्हा ३३६. फरक १२० मिमी, म्हणजे सुमारे २१ अंश. त्या नव्या रबराने लिफ्टवरून खाली येताक्षणी २१ अंशांचा पीळ घेतला आणि मग त्याच्यावर भोमचे खड्डे, बाणस्तारीचा पूल, जुन्या गोव्याचे ब्रेकर. सात हजार टिकला, हेच जास्त झालं.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर सोपी चाचणी आहे. गाडी सपाट जागी, चाकांवरच उभी. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. बुशच्या आतल्या नळीची कड ब्रॅकेटजवळ जिथे दिसते तिथे नळीवर आणि ब्रॅकेटवर मिळून खडूने एक सरळ रेघ मारा, आणि मडगार्डची उंची मोजून लिहून ठेवा. मग बोल्ट दीड-दोन आटे सैल करा. पूर्ण काढू नका. बुश जर पिळलेला असेल तर रेघ तुटते, नळी झटक्यात फिरते, कधी ऐकू येईल असा आवाज होतो. माझ्याकडे डावीकडे रेघ चांगली बोटभर सरकली आणि गाडी चार मिलिमीटर खाली बसली. चार! म्हणजे इतके महिने तो पिळलेला बुश एका लपलेल्या स्प्रिंगसारखा आर्मला खाली ढकलत होता, पर्यायाने गाडीला उचलून धरत होता. डावी-उजवी उंची जुळत नाही म्हणून लोक स्प्रिंग बदलून मागतात, त्यातल्या काही तक्रारी इथेच संपाव्यात असं मला वाटतं.

एक सूचना. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. चाकांवर उभी असताना हात पोहोचत नसेल तर खड्डा शोधा किंवा चार खांबांचा लिफ्ट, जिथे गाडी पट्ट्यांवर चाकांनी उभी राहते. अलाइनमेंटचा रॅम्पही चालतो, आणि तिथे काम झाल्यावर लगेच अलाइनमेंट करून घेता येतं. हा विनोद मला आजही आवडतो: गावातला जुना खड्डा या एका कामाला लाखोंच्या लिफ्टपेक्षा बरा.

नवा बुश बसवला तेव्हा आम्ही असं केलं. आर्म जागेवर, बोल्ट हाताने घातलेले, नट फक्त टेकलेले. चाकं लावून गाडी खाली घेतली. मग ती खड्ड्यावर ढकलत दोन-तीन मीटर पुढे-मागे नेली, बॉनेटवर चार-पाच वेळा दाबून सोडली. हे टाळू नका: जॅकवरून उतरलेली गाडी लगेच खरी उंची घेत नाही, कारण टायर रस्त्याला चिकटलेले असतात आणि चाकं आत ओढलेली असतात. उंची पुन्हा मोजली, ३३६ आली, आणि मगच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळलं. ड्रायव्हर सीटवर मी बसलो होतो, कारण ही गाडी नव्वद टक्के वेळ माझ्या एकट्याच्या वजनानेच चालते. मिस्त्रींना हा लाड वाटला, पण केला त्यांनी.

खड्डाही नाही आणि रॅम्पही नाही, अशी वेळ आली तर गाडी जॅक स्टँडवर ठेवून दुसऱ्या जॅकने आर्मला बॉल जॉइंटजवळून उचला, मडगार्डचं अंतर ३३६, म्हणजे तुमचा जो आकडा असेल तो, येईपर्यंत. मग आवळा. आधी मोजून ठेवायला का सांगितलं ते आता कळलं असेल.

हा नियम आडव्या बोल्टच्या बुशला लागू. बऱ्याच गाड्यांत आर्मचा मागचा बुश उभ्या बोल्टचा असतो आणि त्याचं रबर वेगळ्या तऱ्हेने दबतं. त्याला उंचीचं इतकं सोयरसुतक नसतं. मागच्या टॉर्शन बीमचे दोन मोठे बुश मात्र आडव्याच बोल्टचे, त्यांनाही हाच न्याय. ते सगळे विसरतात. मीही विसरलो होतो.

आपल्याकडे याच्या आड येतो तो गंज. समुद्राची खारी हवा, वर चार महिन्यांचा पाऊस. बोल्टचा दांडा बुशच्या नळीत असा धरतो की पाना लावला की नट फिरतं, बोल्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर नळीही फिरते. चांगलं रबर तिथल्या तिथे फाटतं. म्हणून आदल्या दिवशी, जमलं तर दोन दिवस आधी, गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. परत बसवताना बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला ग्रीसचा हलका हात द्या, आट्यांना नको. आट्यांना ग्रीस लागलं की टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो पण बोल्ट त्याहून जास्त ताणला जातो.

इथवर वाचून ‘माझा आवाज ब्रेकवर येत नाही’ असं म्हणत असाल, तर तुमचं दुखणं दुसरं असू शकतं. लो केलेल्या गाडीत दोन-तीन आवाज इतके सारखे वाटतात की माणूस चुकीचा पार्ट बदलत राहतो. मीच लिंक रॉड फुकट बदलले की.

ब्रेकरवरून उतरताना, चाक वर दबताना ‘ठप्’ असा मऊ पण जड आवाज येत असेल तर तो बंप स्टॉप. शॉकपच्या दांड्यावर, धुळीच्या बूटाखाली फोमचा ठोकळा असतो, तो. मूळ गाडीत त्याच्या आणि शॉकपच्या डोक्याच्या मधे माझ्याकडे ५० मिमीच्या आसपास मोकळी जागा होती. ४२ खाली आल्यावर उरली आठ. हे मला कसं कळलं? गेल्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. गाडीत पाच माणसं, डिकीत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं, सामान: नारळाचे घड, केळ्यांचा लोंगर, सुपारीचं शिंपटं, वरून दोन चिबडं. वाळपईच्या पुढे आमच्या घरापर्यंत गाडी एकदाही नीट झुलली नाही. प्रत्येक ब्रेकरवर दगडावर बसल्यासारखा दणका. बायको म्हणाली, “गाडी खाली केलीत की बैलगाडी केलीत?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाच माणसांच्या वजनाने ते आठ मिलिमीटर घरातून निघतानाच संपले होते आणि पुढे सगळा प्रवास आम्ही फोमच्या ठोकळ्यावर केला.

हे मोजायची युक्ती मिस्त्रींची. शॉकपच्या दांड्यावर एक बारीक झिप टाय घट्ट बांधायचा, सरकवला तर सरकेल इतपत, आणि तो खाली शॉकपच्या डोक्यावर टेकवून ठेवायचा. नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारायची. चाक जितकं दबलं तितका टाय वर ढकललेला राहतो. टाय थेट बंप स्टॉपला जाऊन चिकटला असेल तर उत्तर मिळालं. इलाज म्हणजे छोटा बंप स्टॉप, किंवा मूळचाच कापून छोटा केलेला. काढून टाकू नका. काही लोक ‘जागा होते’ म्हणून तो काढतातच, आणि मग शॉकपचं पोलाद पोलादावर आपटून वरचा माउंट फुटतो. कापताना निमुळतं नाक ठेवा, जाड बाजूने कापा, बूट अडकायची खाच सांभाळून. नाक राहिलं तर ठोकळा हळूहळू कडक होतो. नाक कापलंत तर पहिल्याच स्पर्शाला भिंत लागते. मी २० मिमी कापला. एवढ्याने यंदाची चवथ सुखाची झाली असं म्हणणार नाही, पण बैलगाडीचा उल्लेख झाला नाही.

याच्या उलट, ब्रेकर ओलांडल्यावर चाक खाली सुटताना ‘खट्’ होत असेल तर स्प्रिंग सैल पडते आहे का बघा. मूळ शॉकप् आणि छोटी स्प्रिंग या जोडीत चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंगची लांबी पुरत नाही. गाडी नीट जॅक स्टँडवर घ्या, चाक लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवा. फिरली तर ती आपल्या वाटीतून उठते आणि परत बसताना वाजते. इथे तडजोड नाही: कमी दांड्याचा शॉकप् घाला किंवा जरा उंच स्प्रिंग. घाटात एखाद्या वळणावर ती वाटीबाहेर बसली तर प्रकरण आवाजापुरतं राहत नाही.

मूळ स्प्रिंगच कापून गाडी लो केली असेल तर हा धोका आणखी मोठा, कारण कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. शिवाय कापल्याने स्प्रिंग कडक होते, मऊ नाही. सहा काम करणाऱ्या वेढ्यांपैकी एक कापला की ताठपणा सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. गॅसने तापवून ‘बसवलेल्या’ स्प्रिंगबद्दल तर बोलायलाच नको. पोलादाचं पाणीच उतरतं. ती नंतर आपोआप आणखी खाली बसत जाते, दोन्ही बाजूंना सारखी नाही, आणि एक दिवस तुटते. असं काम झालेली गाडी विकत घेतली असेल तर या लेखातलं बाकी काही करण्याआधी स्प्रिंग बदला.

गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की ‘टण्ण’ असा ताणलेल्या तारेसारखा आवाज आला तर वरच्या माउंटचं बेअरिंग. एकाला स्टीअरिंग फिरवायला सांगा, तुम्ही स्प्रिंगवर हलका हात ठेवा, बोटं वेढ्यांच्या मधे घालू नका. स्प्रिंग अडून अडून उडी मारत असेल तर बेअरिंग बदला. फारसं सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आणि लिंक रॉड. बारीक खडबडीत रस्त्यावर, कमी वेगात, ‘टकटकटक’ असा सततचा आवाज त्यांचा. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडा, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारी सळई) कशाला लागणार नाही असा बांधून ठेवा आणि शंभरेक मीटर अगदी सावकाश चालवून बघा. आवाज गेला तर लिंक किंवा बारला धरणारे रबरी डी-बुश, राहिला तर दुसरीकडे शोधा. लो केलेल्या गाडीत मूळ लांबीचे लिंक बारला वरच्या बाजूला ढकलतात आणि तो काही गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टला किंवा टाय रॉडला जाऊन घासतो. खड्ड्यात उतरा आणि बारवर चकाकणारी घासलेली जागा आहे का बघा. असेल तर योग्य लांबीचे किंवा कमी-जास्त करता येणारे लिंक लागतील. लिंकचे नटही दोन्ही चाकांवर सारखं वजन असतानाच आवळायचे, एक चाक हवेत असताना नाही.

ग्रुपवर हमखास येणारा सल्ला: ‘पॉलियुरेथेनचा बुश टाक, कायमचा प्रश्न सुटेल.’ अर्धं खरं आहे. त्यात नळी ग्रीसवर मोकळी फिरते, रबर पिळलं जात नाही, म्हणून कुठल्या उंचीवर आवळलं याने फरक पडत नाही. पण ते ग्रीस आमच्या पावसात धुऊन जातं, वर्ष-सहा महिन्यांत ‘कुईं कुईं’ सुरू होतं, आणि रस्त्याची प्रत्येक चरचर सीटपर्यंत पोहोचते. शर्यतीच्या गाडीला ठीक. रोज फोंडा-पणजी करणाऱ्याने साधं रबर नीट आवळून घ्यावं.

टायर आतून खातोय, ही दुसरी कायमची तक्रार. दोष कॅम्बरला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलाला, दिला जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण टायर खाण्यात ‘टो’चा, म्हणजे वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत याचा, हात मोठा. गाडी खाली येते तसे आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानींवर फिरतात आणि टो बदलतो. मग चाक सरळ न गुंडाळता थोडं तिरकं घासत जातं. म्हणून लो केल्यावर अलाइनमेंट हवंच, आणि दोनदा: एक लगेच, दुसरं स्प्रिंग बसल्यावर पाचशेएक किलोमीटरने. आणि ऐका, बुश पिळलेला असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे नदीत टाकणं. बुश सैल पडला किंवा फाटला की तो आकडा राहत नाही. माझी आधीची दोन अलाइनमेंट याच खात्यात जमा.

एबीएस नसलेल्या जुन्या गाडीवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला दांडा किंवा स्प्रिंग ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला हलवते. मागे वजन वाढून गाडी बसली की तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. तुम्ही गाडी कायमची बसवलीत की त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटतं डिकी भरलेली आहे. मग जुलैत ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. याला आवाज नसतो, म्हणून कोणी शोधत नाही. दांड्याची जुळवणी मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला करून घ्या. मागचे ब्रेकचे पाइप आणि सेन्सरच्या वायरीही चाक पूर्ण लोंबवून ताण येतोय का ते बघा.

कायद्याचंही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारणारच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. हे वाचून कोणी माझ्यासारख्याने गाडी पुन्हा वर केली तर मला वाईट वाटणार नाही.

खाली किती जायचं, हाही प्रश्न येतो. कागदावर माझी गाडी १७० मिमी उंच, आता उरली १२८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा गोलवा. एवढ्या रुंद ब्रेकरवर माझ्या गाडीची दोन्ही चाकं एकाच वेळी चढलेली असतात आणि पोट जेमतेम ४३ मिलिमीटर जवळ येतं. म्हणजे नियमाने बांधलेला ब्रेकर अडचण नाही. अडचण ती गावातल्या लोकांनी एका रात्रीत घातलेल्या डांबराच्या अरुंद वरवंट्याची, आणि फेरीबोटीची. ओहोटीला दिवाडी बेटाच्या फेरीचा रॅम्प असा उभा लागतो की पुढचा बंपर त्याला सलाम केल्याशिवाय वर चढत नाही. मी आता भरती बघून दिवाडीला जातो. घरचे हसतात.

डावा बुश ५५,६०० ला बसवला, तोही गाडी चाकांवर उभी असताना आवळून. आज मीटर ७१,००० वर आहे. परवा खड्ड्यात उतरून टॉर्च मारली: रबराला एक बारीकशी चीरही नाही, आणि फर्मागुडीचा उतार गप्प आहे. मागच्या बीमचे बोल्ट मात्र अजून कारखान्याच्याच उंचीला आवळलेले आहेत, आणि गेल्या आठवड्यापासून मागून, ब्रेकर ओलांडताना, काहीतरी बारीक कुरकुरतंय. काल संध्याकाळी त्यांना तेल मारून ठेवलंय. रविवारी सकाळी मिस्त्रींचा खड्डा मोकळा आहे.